दादाचा खिसा

डिपेंडंटचा रकाना तुम्ही दरवर्षी कोरा का सोडता, असं पगार विभागातल्या नव्या पोरीने विचारलं आणि त्याचं टाळकं सटकलं. तसं ते सटकायला फार काही लागत नसे. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत तो सुपरवायझर होता आणि हाताखालच्या माणसांनी त्याचं नाव पाडलं होतं प्रेशर. बॉयलरच्या काट्याकडे बघायला नको, साहेबांच्या कानाच्या पाळ्या बघा, असं ती आपसात म्हणायची. हे त्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक आहे याचाही त्याला राग होता. पण पोरीने वाकडं काहीच विचारलं नव्हतं. खिडकीपलीकडे केसांत पेन खोचून बसली होती, जुन्या फायली उपसत होती, नव्याची नवलाई. तुमच्या मेडिकल कार्डावर भाऊ आहेत, ती म्हणाली, छातीच्या ओपीडीत नेमाने येतात, राहतात तुमच्याकडे, उत्पन्न काही नाही, मग टॅक्सच्या फॉर्मवर ते कुठे गायब होतात? तो रकाना भरला असता तर पगारातून एवढा टॅक्स कापलाच गेला नसता. इतकी वर्षं सरकारला फुकटचे पैसे देताय की. आणि हसली. मागच्या काही वर्षांचा रिफंड अजून मागता येतो म्हणाली, कॅल्क्युलेटरवर टकटक केलं आणि तो खिडकीतून त्याच्याकडे वळवून धरला. त्याला बघायचं नव्हतं. पण डोळ्यांना कोण सांगणार, त्यांनी आकडा बघून घेतला.

"माझ्यावर कुणी अवलंबून नाही," तो म्हणाला. "तो माझा मोठा भाऊ आहे."

मोठे असले तरी चालतं, असं ती समजावायला लागली, फॉर्मला वय लागत नाही, उत्पन्न नसलं की झालं. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याने पाठ फिरवली होती.

खाली लॉन्ड्रीत उतरताना जिन्यातच तो दमट उबारा अंगावर येतो, ब्लीचचा, उकळलेल्या सुताचा, आणि कितीही उकळलं तरी मागे राहणाऱ्या माणसांच्या वासाचा. एरवी त्याला तो जाणवत नसे. आज घशात बसला. चादरी मोठ्या रोलरखालून कोऱ्याकरकरीत होऊन बाहेर पडत होत्या, दोन बाया त्यांची टोकं जुळवून घड्या घालत होत्या, आणि तो तिथे उभा राहून बघत होता तेव्हा त्या दोघींचं बोलणं बंद पडलं. काही चुकलंय का साहेब, एकीने विचारलं. काही नाही, आपलं काम करा. काय चुकलंय ते त्याला तरी कुठे सांगता येत होतं. कोरा का सोडता! अरे, कोरा सोडत नाही कुणी. तो दरवर्षी फॉर्म हातात घेतो, पेन टेकवतो, त्या रकान्याशी येतो आणि पुढे जातो, रस्त्यात कुणी वडीलधारं माणूस खाली बसलेलं असलं की आपण बाजूने वळसा घालून जातो तसा. यात विचारण्यासारखं काय आहे? पण विचारलं होतं, आणि आता तो आकडा डोळ्यांसमोरून हलत नव्हता, चादरींवरसुद्धा तोच दिसत होता.

दादा सतरा वर्षांचा असताना बाप गेला आणि दादा रंगाच्या कारखान्यात लागला. हा तेव्हा शाळेत. सूत रंगवायच्या हौदांवर दादाचं काम, निळ्याच्या खात्यात, त्यामुळे त्याची नखं निळी, तळहाताच्या रेषा निळ्या, थुंकी निळी. घरी आला की तो शर्ट काढून दारामागच्या हुकाला अडकवायचा आणि पगाराचे पैसे त्या शर्टाच्या खिशातच राहायचे. आईलाही तेच सांगणं आणि यालाही तेच. लागतील तेवढे घे, विचारू नकोस. एकदा याने विचारलं होतं, वहीला पैसे घेऊ का म्हणून, तर दादा चिडला होता. माझ्यापुढे मागायला उभं राहायचं नाही, म्हणाला होता, मागायची सवय लागली की माणूस कुणापुढेही उभा राहतो. मग याने कधी विचारलं नाही. उंच हुकाला हात पुरावा म्हणून टाचा उचलायचा, आणि खिशातून नोट काढली की तिच्या कडेला निळा अंगठा उमटलेला असायचा. दुकानदार थट्टा करायचा, तुमच्या घरचे पैसे अंधारातही ओळखू येतील. शाळेतला फीचा कारकून मात्र नोट दोन बोटांत धरून टेबलाखाली पुसायचा आणि मग गल्ल्यात टाकायचा. त्या कारकुनाचा चेहरा आता पार पुसला गेला, पण ती दोन बोटं अजून दिसतात, आणि अजूनही वाटतं की ती पिरगाळावीत.

मग कारखाना बंद पडला. मालकाने हात वर केले. दादाच्या हाती काही पडलं नाही, उलट छाती कायमची गेली होती, चार पावलं टाकली की भात्यासारखा आवाज. त्या महिन्यात याचा लॉन्ड्रीतला पहिला पगार झाला. घरी आला, दादा आतल्या खोलीत पडला होता, शर्ट हुकाला होता. याने आपला पगार पाकिटातून काढला आणि त्या शर्टाच्या खिशात ठेवला. बोलला काही नाही. दादाही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने खिशातून पैसे काढले, आईला दिले, दुधाचे दिले, आणि याच्या हातावर बसच्या भाड्याचे ठेवले. त्या दिवसापासून तसंच चाललं होतं. आई गेली, याचं लग्न झालं, मुलगी झाली, शिकून नोकरीला लागून परगावी गेली, तरी पगाराचा दिवस तोच आणि हूक तोच. घर दादाच चालवायचा. पाहुण्यांना दादा सांगायचा, छोट्याचं मी सगळं बघतो, त्याला व्यवहारातलं कळत नाही. पाहुणे याच्याकडे बघायचे आणि हा मान डोलवायचा. अशा माणसाचं नाव त्या रकान्यात कसं लिहायचं? कुणी आपल्या बापाला पोरांच्या यादीत घालतं का?

घरी बायकोला त्याने सांगितलं ते त्या पोरीची तक्रार म्हणून सांगितलं. काय एकेक माणसं भरतात, शिंगं फुटलेली, आमच्या घरात नाक खुपसते. दादा बाहेरच्या खोलीत रेडिओ लावून बसला होता, तो मोठ्याने लावायचा, त्यामुळे स्वयंपाकघरात हळू बोललेलं चालून जायचं. बायको जेवत होती. उजव्या बाजूने जेवायची ती, कित्येक वर्षं. डावीकडच्या तीन दाढा किडून गेल्या होत्या, दोन काढून टाकल्या होत्या, तिसरी तशीच ठुसठुसत ठेवली होती, कारण पुढचं काम खर्चाचं होतं आणि दरवेळी काहीतरी निघायचं, मुलीची फी, नाहीतर दादाचं औषध. घास डावीकडे गेलाच तर ती डोळे मिटायची. तिने घास गिळला आणि विचारलं, किती? त्याने आकडा सांगितला. सांगायला नको होता. तिने ताटात हात तसाच ठेवला.

"दातांचं होऊन वर उरतील," ती म्हणाली.

तो म्हणाला, प्रश्न पैशांचा नाही. यावर ती ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याला त्याच्याकडे उत्तर होतं. पण ती अगदी खालच्या आवाजात बोलली. प्रश्न पैशांचा नाही हे तुम्ही म्हणू शकता, ती म्हणाली, कारण तुम्ही खिशात ठेवून मोकळे होता. मागायला मी जाते. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मला साबण हवा होता आणि तुम्ही म्हणालात दादाकडून घे. आतले कपडे घ्यायचे तरी मी त्या माणसापुढे जाऊन उभी राहिले आहे, आणि ते बिचारे मान खाली घालून देतात, कशाला म्हणून कधी विचारलं नाही, त्यांना मी नावं ठेवणार नाही. पण तुमच्या नवऱ्याचा पगार किती असं कुणी विचारलं तर मला आजही सांगता येत नाही. तुम्ही दोघा भावांनी मिळून एक नाटक लावलंय आणि मी त्यात भाड्याने आणल्यासारखी वावरते. दाढ दुखते तेव्हा मात्र खरी दुखते.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचं खरं होतं म्हणून जास्तच गेली. खिशातून घे, विचारू नकोस, हे दादाने त्याला सांगितलं होतं, आणि त्याने मात्र बायकोला सांगितलं होतं दादाकडे माग. इतक्या वर्षांत हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ताट तसंच सारून तो उठला. रात्रभर कूस बदलत राहिला, कधी त्या पोरीला शिव्या घातल्या, कधी बायकोला, कधी बंद पडलेल्या कारखान्याच्या मालकाला, तो तर केव्हाच मेला असेल. सकाळी कामावर जाऊन त्याने फॉर्म मागितला. पोरीने दिला, वर एवढंच सांगितलं की मागच्या वर्षांचं असल्यामुळे भावाला स्वतः टॅक्स ऑफिसात जावं लागेल, साहेबांसमोर सही करावी लागेल. हे ऐकून त्याला जवळजवळ बरं वाटलं. म्हणजे नाहीच जमणार, विषय मिटला. पण संध्याकाळी बायको भाजी चिरताना गालाला हात लावून थांबलेली दिसली, आणि त्याने बाहेरच्या खोलीत जाऊन दादाला सांगितलं की कार्डाचं काहीतरी काम आहे, एका ऑफिसात जाऊन सही करायची आहे. कसलं कार्ड ते त्याने सांगितलं नाही. दादाने रेडिओ बारीक केला. जाऊ की, म्हणाला, तुझं एकट्याचं काम नाही ते, तिथे तुला गुंडाळतील.

जायच्या दिवशी दादाने इस्त्रीचा शर्ट घातला. बसमध्ये दोघांची तिकिटं दादाने काढली, खिशातून नोट काढून, कंडक्टरने दिलेली मोड बोटाने नीट बघून घेऊन. उतरल्यावर ऑफिससमोरच्या टपरीवर चहाही त्यानेच पाजला. तू काही बोलू नकोस, मी बोलतो साहेबाशी, असं वर सांगितलं. आणि हा कप हातात धरून उभा राहिला. आता सांगावं, इथेच, चहा संपायच्या आत. दादा, ते कार्डाचं नाही, असं आहे की कायद्याने. पुढचं वाक्य जुळत नव्हतं. चिडचिड व्हायला लागली. दादाच्या कॉलरची, त्या चापूनचोपून विंचरलेल्या केसांची, फुंकर मारून चहा पिण्याची. असा सजून कशाला आलास? जुना शर्ट घालून आला असतास तर काय बिघडलं असतं? मनात हे आलं आणि स्वतःचीच शिसारी आली. कप त्याने टपरीवर इतक्या जोरात ठेवला की चहावाल्याने वळून बघितलं.

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद, दाराला दोरी बांधलेली. दादा कठड्याला धरून चढत होता, प्रत्येक वळणावर थांबून कोपऱ्यात तोंड करून श्वास घेत होता, कुणाला दिसू नये म्हणून. वरून उतरणारी माणसं अंग चोरून जात होती. हा एक पायरी मागे राहून त्याची पाठ बघत होता, शर्टाच्या आतून वरखाली होणारी. मनात म्हणत होता, चल परत, राहू दे, खड्ड्यात गेला रिफंड. आणि लगेच, नाही, माझेच पैसे आहेत, माझ्या घामाचे, मी का सोडू. वर लांबलचक खोली, खुर्च्या एकमेकींना पत्र्याच्या पट्टीने जोडलेल्या, एक माणूस हलला की सगळे हलायचे. माणसं मांडीवर पाकिटं धरून बसली होती. सगळ्यांचेच पैसे जास्त कापले गेले होते, आणि तरी सगळे गुन्हा केल्यासारखे बसले होते, कुणी मोठ्याने खोकतही नव्हतं. दादा सोडून. दादाला खोकला आवरेना, आणि प्रत्येक उबळीबरोबर ती ओळच्या ओळ हलत होती. जेवणाची सुट्टी झाली, खिडक्या लागल्या, पुन्हा उघडल्या. त्याच्या डोक्यात वाफ साचत चालली होती. लॉन्ड्रीत निदान झडप असते, खेचली की सुटते.

अधिकाऱ्याला सर्दी झाली होती. नाक पुसत त्याने फॉर्म उलटसुलट केला, पुढे बसलेल्या दोघांकडे बघितलं, आणि दादाचा इस्त्रीचा शर्ट बघूनच की काय, थांबला. आवाजात आढ्यता नव्हती, उलट मवाळच होता. विचारायचं ते त्याने दादालाच विचारलं, घरखर्च कोण चालवतं?

"मी चालवतो," दादा म्हणाला. "हा धाकटा. ह्याचं सगळं मीच बघतो."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. तुमचं उत्पन्न काय, त्याने विचारलं. दादाने छाती भरून घेतली आणि म्हणाला, घरात पैशाची कधी अडचण येऊ दिली नाही मी. मग हा अर्ज कशाला केलाय, अधिकारी म्हणाला. यात लिहिलंय तुम्ही यांच्यावर अवलंबून आहात, यांच्याशिवाय तुम्हाला आधार नाही. तुम्ही तर उलटं सांगताय. असा अर्ज मला पुढे पाठवता येणार नाही, खोटी माहिती ठरेल, यांनाच त्रास होईल. फॉर्म त्याने टेबलावरून मागे सरकवला. दादा त्या कागदाकडे बघत होता. त्याला वाचता येत होतं, पण चष्मा आणला नव्हता. त्याने याच्याकडे मान वळवली, काय रे हे, अशी. कार्डाचं काय झालं, असंही असेल त्यात.

त्या क्षणी उठून जाता आलं असतं. कागद घडी करून खिशात, चल दादा, चूक झाली यांची. पुढे कितीदा तरी त्याने तो क्षण उलगडून बघितला आणि दरवेळी त्याला वाटलं की उठता आलं असतं. पण बायकोचा गालावरचा हात, ती पट्टीला जोडलेली ओळ, जिन्यातली दोरी, दोन बोटांत धरलेली नोट, सगळं एकदम चढून आलं आणि त्याच्या तोंडून जे निघालं ते इतकं मोठ्याने निघालं की शेजारच्या टेबलांवरचे शिक्के थांबले.

"त्याच्याकडे काही नाहीये! एक पैसा नाहीये त्याच्याकडे. खिशात असतात ते मी ठेवतो. आज चहा पाजला तोसुद्धा माझ्याच पैशांचा."

अधिकाऱ्याने नाक पुसलं, आणि खरं सांगायचं तर त्याला सुटल्यासारखं झालेलं दिसत होतं. मग असं सांगा ना, म्हणाला, दोन ओळी लिहून द्या, भावाला सही करू द्या, काम होऊन जाईल. याने दोन ओळी लिहिल्या. अक्षर वेडंवाकडं आलं. दादाने एवढंच विचारलं, कुठे करायची, आणि अधिकाऱ्याने बोट ठेवलं तिथे सावकाश सही केली, पूर्ण नाव लिहून, शेवटी खाली रेघ मारून. तो नेहमीच तशी करायचा. नखांमधला निळा रंग कधीच गेला होता, पण सही करताना याचं लक्ष नखांकडेच होतं.

जिना उतरताना दादा कुठे थांबला नाही. स्टॉपवर दोघं उभे राहिले. काहीतरी बोलायला हवं होतं आणि याला फक्त राग येत होता, मघाशी ओरडताना संपायला हवा होता तो संपलाच नव्हता, आता तर तो कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं. तूच बोलायला लावलंस, असं म्हणावंसं वाटत होतं. तुला गप्प बसायला काय झालं होतं? मी बघतो, मी बघतो! बस आली, जागा मिळाली, कंडक्टर आला. दादा मोठा दिसतो, म्हणून नेहमीप्रमाणे त्याच्यासमोर हात करून उभा राहिला. याचा हात खिशाकडे गेलाच नाही. सवयच नव्हती. तो दादाच्या हातांकडे बघत बसला. दादाचे हात गुडघ्यांवर होते, तिथून ते हलले नाहीत.

"ह्यांना विचारा," दादा कंडक्टरला म्हणाला.

ह्यांना. आयुष्यात पहिल्यांदा. शाळेत असताना, लग्नात, मुलीच्या बारशाला आणि आईला पोहोचवून आल्यावरही त्या तोंडून छोट्या याशिवाय दुसरं काही निघालं नव्हतं. कंडक्टर आता याच्याकडे हात करून उभा होता. याने खिसे चाचपले. मोठी नोट निघाली, सुट्टे नाहीत म्हणून कंडक्टर कुरकुरला, आणि हा त्याच्या अंगावर असा वसकन गेला की मागच्या बाकावरची बाई घाबरून सरकली. दादा खिडकीबाहेर बघत होता.

रिफंड आला तेव्हा बराच काळ लोटला होता. बायकोच्या दातांचं काम झालं. पहिल्यांदा डाव्या बाजूने घास चावला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं, दुखून नव्हे. त्याला बरं वाटलं, खोटं कशाला बोलायचं. पगार मात्र त्याने त्या ऑफिसातून आल्यावरही नेहमीसारखाच हुकाला अडकवलेल्या शर्टाच्या खिशात ठेवला होता, आणि पहिल्या महिन्यात सकाळी बघितलं तर पैसे तसेच. दुसऱ्या दिवशीही तसेच. दुधाचे बायकोने घरखर्चातून वाचवून डब्यात साठवले होते त्यातून दिले. पुढच्या महिन्यात हुकावर शर्टच नव्हता. दादाने तो घडी करून उशाशी ठेवायला सुरुवात केली होती. हूक रिकामा बघून त्याने दार इतक्या जोरात आपटलं की बाहेरच्या खोलीतला रेडिओ बंद झाला. पगार त्याने टेबलावर ठेवला. बायकोने तो उचलला, मोजला आणि डब्यात ठेवला, तिला हवं होतं ते मिळालं होतं आणि तरी ते असं मिळायला तिला नको होतं. पाहुणे आले तेव्हा दादा बसून राहिला, छोट्याचं मी बघतो असं काही बोलला नाही. पाहुणे गेल्यावर बायको म्हणाली, त्यांच्याशी बोला. काय बोलू, तो म्हणाला, मी काय खोटं सांगितलं?

मग एका रविवारी तो पेपर वाचत बसला असताना दादा आतून आला. भिंतीला धरत आला आणि याच्या खुर्चीसमोर थांबला. बसला नाही. पेपराच्या वरून याला आधी त्याचे दोन पाय दिसले, जुळवून ठेवलेले. त्याने पेपर खाली केला. दादाची नजर जमिनीवर होती.

"छातीच्या गोळ्या संपल्यात," दादा म्हणाला. "थोडे पैसे हवे होते."

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा अंगातून अशी सणक गेली की पेपर मुठीत चुरगळला. उभं राहायचं नाही, मागायला उभं राहायचं नाही, कोण म्हणालं होतं हे, तूच म्हणाला होतास ना, टाचा उचलून हात पुरवायचो मी त्या हुकाला. स्वयंपाकघरात बायकोच्या हातातलं भांडं थांबलं.

"मागतोस काय माझ्याकडे?" तो ओरडला. "खिशातून घे ना!"

दादाने मान वर केली. चेहऱ्यावर राग नव्हता, टोमणाही नव्हता, पत्ता विचारताना माणूस बघतो तसा तो याच्याकडे बघत होता.

"कुणाच्या?" त्याने विचारलं. आणि उत्तर येईपर्यंत, भिंतीला एक हात लावून, तसाच उभा राहिला.